चिखलदऱ्याची दरी इन्फ्रारेडमधे काळी काहून आली?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला अन् स्कॅनही मोठे करून पाहिले, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे भाऊ वरुडहून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चिखलदऱ्याला गेले, सोबत रोलाय इन्फ्रारेड ४०० चे दोन रोल (लाल रंगापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपणारी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म), होयाचा आर७२ फिल्टर (दिसणारा उजेड जवळपास सगळा अडवणारी गडद काच), जुना मॅन्युअल एसएलआर अन् ५० मिमीची लेन्स. सकाळी सात ते साडेआठ देवी पॉइंट अन् पंचबोलवरून दरीचे फोटो काढले, आयएसओ (फिल्म उजेडाला किती चटकन पकडते तो आकडा) ४०० लावून, फिल्टर चढवून, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर. अपेक्षा अशी की बर्फ पडल्यासारखी पांढरी झाडं अन् वर काळंभोर आभाळ. हाती आली अर्धी डांबरासारखी काळी अन् अर्धी राखुंडीच्या रंगाची दरी, वर पांढुरकं आभाळ. आता त्यांचे दोन प्रश्न आहेत: फिल्म खराब निघाली का, अन् ८५० नॅनोमीटरचा (प्रकाशाच्या लहरीची लांबी मोजायचं माप) अजून गडद फिल्टर घेतला तर जमेल का.

फिल्म चांगली आहे. पुरावा तुमच्याच स्कॅनमधे आहे. शेवटची फ्रेम पाहा, साडेआठच्या सुमाराची असावी. खाली नाला जिथं वळण घेतो तिथं काठानं एक पांढरी रेघ दिसते न, तिथं ऊन पोचलं होतं अन् तिथली झाडं हिरवी होती, आंबा-जांभूळ काहीतरी असेल. बाकी सगळा उतार सागाचा, अन् मार्चअखेर सागावर पान कुठं असते राजेहो! म्हणजे जिथं पान होतं अन् पानावर ऊन होतं तिथं फिल्मनं आपलं काम चोख केलं. प्रश्न मोसमाचा, तासाचा अन् मीटरचा आहे, महत्त्वही याच क्रमानं.

आधी फिल्टरचं बोलून घेऊ, कारण त्यात पैसे जाणार आहेत. ८५० चा फिल्टर घेऊ नका. आर७२ साधारण ७२० नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश आत सोडतो. तुमची फिल्म पाहते साधारण ८२० पर्यंत, तेही ७५० च्या पुढे तिची नजर उतरत जाते. म्हणजे तुम्ही काम करता ते ७२० ते ८२० च्या एका चिंचोळ्या फटीत. ८५० चा फिल्टर लावला की दार उघडते तिथं जिथं फिल्म आंधळी आहे. रोल धुतल्यावर कोरी पट्टी निघेल. ते फिल्टर विकणारे खोटं बोलत नाहीत, ते डिजिटल कॅमेरा कन्व्हर्ट करून घेणाऱ्यांसाठी असतात, सेन्सर पार पुढंपर्यंत पाहतो. इल्फोर्डची एसएफएक्स २०० फिल्म तर जेमतेम ७४० पर्यंतच पाहते, तिच्यावर आर७२ लावला की फट अजून बारीक होते. कोडॅकची एचआयई होती ती ९०० पर्यंत पाहायची, तिला गडद फिल्टर शोभायचे, पण ती २००७ मधे बंद झाली. जुन्या पुस्तकांतले फिल्टरचे सल्ले बहुतेक तिच्यासाठी आहेत, ते आजच्या फिल्मवर तसेच्या तसे चालवले की फसगत होते.

आता पान पांढरं काहून येते ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. लोकं म्हणतात इन्फ्रारेड म्हणजे उष्णता. ती इन्फ्रारेड फार पुढची, या फिल्मला उष्णता दिसत नाही, तिला लाल रंगाच्या जरा पलीकडचं ऊन दिसते. हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल अन् निळा प्रकाश खाऊन टाकते, पण या पलीकडच्या प्रकाशाला ते काचेसारखं पारदर्शक असते, अन् पानाच्या आतल्या पेशींमधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात त्यांच्यावर आपटून तो प्रकाश बाहेर फेकला जातो, जवळपास निम्मा. याला वुड इफेक्ट म्हणतात, पण लाकडाशी त्याचा संबंध नाही, रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९१० मधे असे फोटो पहिल्यांदा लोकांसमोर मांडले म्हणून त्याचं नाव. मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली, मी आपला समजायचो की हा झाडांचाच इफेक्ट आहे.

म्हणजे भांडवल काय, तर जिवंत, रसरशीत पान अन् त्यावर थेट पडणारं ऊन. दोन्हीपैकी एक नसलं की खेळ संपला.

यातलं ऊन हे दरीत सगळ्यात अवघड, अन् इथंच सगळे फसतात. साध्या ब्लॅक अँड व्हाइटमधे सावलीतही डिटेल मिळतो कारण सावलीला उजेड देते ते निळं आभाळ. इन्फ्रारेडमधे आभाळ स्वतःच काळं, ते सावलीला काय देणार? म्हणून सावली नुसती गडद होत नाही, ती विहिरीसारखी काळी होते. सपाट शेतात हे खपून जाते, झाडाखाली थोडी काळी सावली पडली तर फोटो उलट खुलतो. दरीत मात्र सकाळी सातला एक पूर्ण उतार डोंगराच्या सावलीत असतो. डोळ्याला तो सुंदर निळसर दिसते, फिल्मला तिथं काहीच नाही. तुमची अर्धी दरी काळी आली ती यामुळं. सूर्योदयाचा गोल्डन अवर हा रंगीत फोटोवाल्यांचा नियम, तो इथं आणू नका.

मी काय करतो सांगतो. पॉइंटवर पोचल्यावर कॅमेरा बाहेर काढायच्या आधी मोबाईलवर कंपास पाहतो की समोरचा उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेकडे साधारण ६० अंशावर असते, डिसेंबरअखेर ४५ वर येते. म्हणजे थंडीच्या दिवसांत दक्षिणेकडे तोंड असलेले उतार दिवसभर उन्हात, अन् उत्तरेकडे तोंड असलेले अर्धवट उपाशी. तुम्ही दरीच्या दक्षिण काठावर उभे राहून उत्तरेकडे पाहिलं तर समोरचा उतार दक्षिणमुखी असते, अन् सूर्य तुमच्या पाठीशी. ती तुमची दुपारची जागा. पूर्वमुखी उतार असला तर सकाळी नऊ ते अकरा, पश्चिममुखी असला तर अडीच ते चार. अगदी पाठीमागून सपाट ऊन पडलं की सगळी झाडं एकसारखी पांढरी होऊन दरी साबणाच्या फेसासारखी दिसते, म्हणून सूर्य जरा खांद्यावरून तिरपा घ्यावा. मग सागाचा एकेक शेंडा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा वेगळा उठून दिसते, मधे काळी बारीक फट. कोणत्या पॉइंटवर कोणता तास हे मी इथं छापून देत नाही, कारण एकाच पॉइंटवर डावीकडं पाहिलं तर वेगळा तास लागते अन् उजवीकडं पाहिलं तर वेगळा. एक दिवस नुसतं बसून सावल्या कशा सरकतात ते पाहा, फिल्म न भरता. मी आजही नवीन जागी असंच करतो, बायको म्हणते फोटो काढायला गेले अन् डुलक्या घेऊन आले.

आता मोसम. हे पूर्णपणे जागेवर अवलंबून आहे, कोकणातल्या माणसाचा सल्ला मेळघाटात चालत नाही. कोकणात बाराही महिने बरंच हिरवं असते. आपल्याकडे साग जानेवारी-फेब्रुवारीपासून झडायला लागते, मार्च ते मे डोंगर काड्यांचा, अन् जूनमधे पाऊस पडला की नवी पालवी. त्यामुळं मार्चमधे तुम्ही जगातली कोणतीही फिल्म नेली असती तरी उतारावर खोडं अन् वाळलेलं गवतच आलं असतं. त्यात वर मोहाचा मोसम, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, सगळ्या दरीत धूर बसतो. अन् उन्हाळ्यात हवेत धूळ असते म्हणून आभाळ पांढरट राहते. तुमचं आभाळ काळं आलं नाही त्याचं कारण हे.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही लिहिलं की इन्फ्रारेड धुकं कापते असं वाचलं होतं. अर्धं खरं आहे. हवेचे रेणू अन् अगदी सूक्ष्म कण निळ्या प्रकाशाला जास्त उधळतात, लांब लहरीच्या प्रकाशाला फार कमी. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याशी तुलना केली तर ७५० ला ही उधळण सात-आठ पटीनं कमी होते. म्हणून दूरच्या डोंगरावरचा तो निळसर पडदा इन्फ्रारेडमधे निघून जाते अन् पलीकडची रांग चाकूनं कापल्यासारखी दिसते. तुमची रोलायची फिल्म मुळात आग्फा कंपनीच्या, विमानातून फोटो काढायच्या फिल्मवरूनच आली आहे, तिला ही नजर त्याच कामासाठी दिलेली. पण पावसाळ्यातलं चिखलदऱ्याचं धुकं म्हणजे पाण्याचे थेंब, ते या प्रकाशाच्या लहरीपेक्षा दहा-वीस पट मोठे असतात, त्यांना निळं काय अन् इन्फ्रारेड काय, सगळं सारखंच उधळतात. धूळही बहुतेक तशीच. तेव्हा जुलै-ऑगस्टमधे ढग दरीतून वर येत असताना आर७२ लावून बसलेला माणूस दिसला की समजायचं नवा आहे. मीही बसलो आहे भीमकुंडाजवळ, तीन तास, छत्री धरून.

मग चांगला काळ कोणता? माझ्या मते दसऱ्यापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत. पाऊस नुकताच गेलेला, हवा धुतलेली, पान अजून हिरवं, अन् दुपारी कापसासारखे ढग. असे ढग मिळाले तर काळ्या आभाळावर ते काय दिसतात! नुसतं रिकामं काळं आभाळ मला तरी भकास वाटते. पण त्यातही एक भानगड आहे ती कोणी सांगत नाही, सागावरची अळी. काही वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमधे ती पानातला हिरवा भाग खाऊन टाकते अन् शिरांची नुसती जाळी ठेवते. असं एक पान मी उचलून उन्हासमोर धरलं होतं, मच्छरदाणीतून पाहावं तसं पलीकडचं सगळं दिसत होतं, हाताला भाकरीच्या पापुद्र्यासारखं कुरकुरीत. दुरून असा डोंगर तांबूस दिसते. लोकांना वाटते वणवा लागला का. इन्फ्रारेडमधे ते पट्टे मळकट राखाडी येतात अन् मधे मधे न खाल्लेली झाडं, बांबू, तेंदू पांढरे. एका वर्षी मी चिडून परत आलो, नंतर निगेटिव्ह धुतल्यावर तीच फ्रेम सगळ्यात आवडली, ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दरी. तेव्हा जायच्या आधी तिकडच्या कोण्या ओळखीच्याला विचारून घ्या की डोंगर हिरवा आहे का तांबडा.

मीटरकडे येतो. कॅमेऱ्याचं मीटर माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड मोजायला बनवलेलं आहे. गडद फिल्टरमागं बसवून त्याला विचारलं तर ते काहीतरी सांगते, पण ते काय मोजून सांगते याचा भरवसा नाही, आतला उजेड मोजणारा सेल कोणता आहे त्यावर ठरते. म्हणून फिल्टर काढून मोजायचं अन् आयएसओ आपण स्वतः खाली ठेवायचा. रोलाय ४०० अन् आर७२ जोडीला मी ६ धरतो. कोणी १२ धरतात. ४०० चे १२ म्हणजे पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), ६ म्हणजे सहा. ऑक्टोबरच्या कडक दुपारी, पूर्ण उन्हातल्या उतारावर माझी सुरुवात एफ ११ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक) १/८ सेकंद, अन् त्याच्या दोन्ही बाजूनं १/१५, १/४, १/२ असे चार काढतो. चूक करायचीच तर जास्त एक्स्पोजरकडे करा, उजेड कमी पडून पातळ आलेल्या निगेटिव्हमधून दरी परत आणता येत नाही. फिल्म महाग आहे म्हणून एकच फ्रेम काढायची अन् तीच चुकवायची यात बचत कसली. अन् हो, मीटर चुकण्याला अजून एक बाजू आहे: ऊन उतरलं की निळा भाग वाटेतच गळून जाते अन् इन्फ्रारेडचं प्रमाण वाढते, त्यामुळं चारनंतर मीटर सांगते त्यापेक्षा माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणं एक स्टॉप कमी दिलं तरी भागते. सूर्यावर पातळ ढग आला तर मात्र थांबा. सावलीत किती स्टॉप वाढवू असं विचारू नका, वाढवून उजेड येईल पण तो पांढरेपणा येणार नाही.

वही ठेवा. वेळ, सूर्य कुठं, फिल्टर, एफ, शटर. माझी पहिली वही अजून आहे, पानांवर हळदीचे डाग, कारण डब्यासोबत एकाच पिशवीत असायची. तुमच्या कॅमेऱ्याचं शटर, तुमची लेन्स, तुमचा डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) यावर हे आकडे एखाद्या स्टॉपनं हलतील, म्हणून माझे आकडे सुरुवात म्हणूनच घ्या.

एसएलआरमधे फोटो काढणाऱ्या लेन्समधूनच पाहावं लागते, त्यामुळं आर७२ चढवला की व्ह्यूफाइंडरमधे काळोख. म्हणजे ट्रायपॉड, आधी फ्रेम लावा, फोकस करा, मग न हलवता फिल्टर फिरवा. माझं हे काम आमच्या स्टुडिओतल्या जुन्या याशिका मॅटनं सोपं केलं. आमच्या बाबांनी लग्नांचे फोटो त्याच्यावर काढले, आता तो डोंगरात फिरतो. दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात फिल्टर फक्त खालच्या, फोटो काढणाऱ्या लेन्सला लावायचा, वरून तुम्हाला सगळं स्वच्छ दिसत राहते. एकदा गाविलगडाच्या वाटेवर एक कोरकू आजोबा गुरं घेऊन चालले होते, थांबले, फिल्टर हातात घेऊन डोळ्याला लावला, परत दिला अन् म्हणाले, "यातून तं काहीच दिसत नाही, मग फोटो कायचा काढता?" आता याला सोपं उत्तर काय द्यावं. मी त्यांचाच एक काढला. त्यांच्याजवळ काळी छत्री होती, फोटोत ती फिकट राखाडी आली, कपड्याचा काळा रंग या प्रकाशात पुष्कळदा काळा राहत नाही. चेहरा मेणासारखा गुळगुळीत, अन् मागची किल्ल्याची भिंत मात्र तशीच काळी. ही भिंत ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे, काळा पाषाण, १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांनी फोडलेली. तिच्या भेगांमधून उगवलेली झुडपं इन्फ्रारेडमधे दिवे लावल्यासारखी दिसतात. दरी जमेना तेव्हा मी भिंतीकडे वळतो, इथं सावली अन् ऊन दोन्ही तुमच्या हातात असतात.

फोकसचं फार टेन्शन घेऊ नका. इन्फ्रारेड लेन्समधून जरा मागं जाऊन एकत्र येते, म्हणून जुन्या लेन्सवर मुख्य रेघेच्या बाजूला लाल ठिपका किंवा आर लिहिलेलं असते. नेहमीसारखं फोकस करायचं, जो आकडा रेघेवर आला तो त्या लाल खुणेवर सरकवायचा. ५० च्या लेन्सला एफ ११ वर चूक झाकून जाते, १३५ लावली की उघडी पडते. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, लांब लहरीमुळं बारीक छिद्रात धार अजून लवकर जाते.

तुम्ही विचारलं की नेटवरच्या जुन्या फोटोंमधे झाडांभोवती जो उजेड पसरलेला दिसते तो तुमच्यात काहून नाही. तो बहुतेक कोडॅक एचआयईचा. त्या फिल्मला मागून उजेड परत उसळू नये म्हणून जो थर देतात तोच नव्हता, त्यामुळं पांढऱ्या पानांचा उजेड फिल्मच्या आत पसरायचा. क्रोएशियातल्या एफके या फिल्मवाल्यांनी तसा एक प्रकार काढला होता, त्यांचा कारखाना २०१२ मधे बंद पडला. रोलायला तो थर आहे, म्हणून ती स्वच्छ येते. जास्त एक्स्पोजर दिलं तर थोडी लकाकी येते, पण तो नाद सोडा असं माझं मत. दरीच्या फोटोत धार पाहिजे.

रोल भरताना मात्र सांभाळा. या फिल्मचा बेस पॉलिएस्टरचा, स्वच्छ, बाहेर निघालेल्या टोकातून उजेड आत नळीतल्या पाण्यासारखा वाहत जाते. मी परतवाडा बसस्टँडवर भर उन्हात बाकावर बसून रोल भरला होता, पहिल्या चार फ्रेमवर फिल्मच्या कडेच्या छिद्रांच्या सावल्या उमटल्या. आता गाडीत पायाशी, अंगावर दुपट्टा घेऊन भरतो, अन् काढलेला रोल लगेच काळ्या डबीत. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत फिल्म ठेवू नका, अकोला-अमरावतीचं ऊन तुम्हाला मी काय सांगू. फ्रिजमधली डबी बाहेर काढून तासभर तशीच ठेवायची, मग उघडायची, पावसाळ्यात तर नक्कीच.

धुण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण स्कॅनमधे आभाळावर ढगाळ पट्टे दिसतात, मला शंका येते की डेव्हलपर गरम होता. आपल्याकडं मार्च-एप्रिलमधे गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३० च्या वर सहज जाते, अन् फिल्मसोबतच्या कागदावरची वेळ असते २० अंशाची. प्रत्येक अंशाला साधारण १० टक्के वेळ कमी करत गेलो तर वेळ पाच मिनिटांच्या खाली येते अन् मग डेव्हलपमेंट सारखी होत नाही, पट्टे पडतात. मी रात्री माठाचं पाणी घेतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ जो थंड होतो तसा मुंबईत होत नाही, ही एक आपली श्रीमंती. त्यात बर्फाचे दोन-तीन खडे टाकून २० वर आणायचं, घमेल्यात तेच पाणी भरून फिल्म धुवायची छोटी टाकी अन् रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या ठेवायच्या. शेवटी धुतानाही गच्चीवरच्या टाकीचं गरम पाणी एकदम ओतू नका. अन् चेंजिंग बॅगमधे (अंधारात फिल्म टाकीत भरायची काळी पिशवी) मे महिन्यात हात घातले की पाच मिनिटांत घाम सुटतो, ओल्या बोटांचे ठसे फिल्मवर कायमचे. बाथरूमच्या फटीला चादर लावा, लाईट घालवा, रात्री दहानंतर भरा.

पाण्याचं एक सांगायचं राहिलं, कारण पुढच्या वेळी सेमाडोहकडं सिपना नदीवर जाणार म्हणता. स्वच्छ, थांबलेलं पाणी इन्फ्रारेडमधे काळं येते, आरशासारखं, काठची पांढरी झाडं त्यात उलटी दिसतात. पण पुराचं गढूळ पाणी राखाडी येते, त्यातला गाळ प्रकाश परत फेकतो. म्हणून नदीसाठी पूर ओसरून पाणी निवळू द्या. अन् व्याघ्र प्रकल्पाच्या गेटच्या आत जिप्सीतून उतरू देत नाहीत, त्यामुळं अर्ध्या सेकंदाचं शटर तिथं विसरा, इंजिन बंद केलं तरी मागचा माणूस हलतो. तिथं साधा लाल फिल्टर अन् एसएफएक्स घ्या, हातात धरून काढता येते. पान फक्त उजळ येईल, पांढरं नाही, पण फोटो येईल. रस्त्यावरच्या पुलावरून, बाहेरून, ट्रायपॉड लावून आर७२ चालवा.

तुमच्या दुसऱ्या रोलच्या अजून बारा-चौदा फ्रेम उरल्या आहेत म्हणता. त्या चिखलदऱ्यासाठी जपून ठेवू नका. वरुडला राहता, संत्र्याच्या बागा दाराशी आहेत, अन् संत्र्याचं पान बारमाही हिरवं, जाड, चकचकीत, इन्फ्रारेडसाठी त्याहून सोपं गिऱ्हाईक नाही. रविवारी अकरा वाजता सूर्य खांद्यावर घेऊन बांधावर उभे राहा, एकाच झाडाच्या १/१५ पासून १/२ पर्यंत चार फ्रेम काढा, तसंच दुपारी चारला. मग झाडाच्या सावलीच्या बाजूला जाऊन दोन. उरल्या तर विहिरीत डोकावून एक. माठाच्या पाण्यात धुवा अन् ती पट्टी इथं टाका, सावलीतल्या दोन फ्रेम आवर्जून टाका, त्या मला पाहायच्या आहेत.